माळ्यावरचे गठ्ठे आणि दिवाणजींचा मोबाईल

कागद ठेवायला आमच्या ऑफिसात कुणाची परवानगी लागत नाही. टाकायला लागते, आणि ती द्यायला कुणी तयार नसतं. मालकांना विचारलं की म्हणतात, "असू दे की ओ मॅडम, खायला मागतंय का ते?" दिवाणजी सीएंकडे बोट दाखवतात. सीए म्हणतात, "ठेवा अजून एखादं वर्ष." अशी एकेक वर्षं साठत साठत माळ्यावर थप्पी लागली आहे. खालच्या गठ्ठ्यांना वाळवी, मधल्यांना कापसाची धूळ, आणि वरचा गठ्ठा काढायचा म्हटलं की शिडी कुणी धरायची यावरून वाद.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघते. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, थोडा माल परदेशी जातो, बाकीचा देशभरातल्या व्यापाऱ्यांकडे. पगारपत्रक, जीएसटी, पीएफ, बँक, ऑडिट, सगळं माझ्याच टेबलावरून जातं. सध्या एक काम अंगावर घेतलंय: कुठला कागद कधीपर्यंत ठेवायचा आणि कुठला आत्ताच काढून टाकायचा, याची एक यादी लिहून मालकांची सही घ्यायची. ऐकायला शिपायाचं काम वाटतं. त्यात शिरल्यावर कळलं की याला अर्धा वकील लागतो.

सुरुवात जीएसटीपासून, कारण इथे सगळे "सहा वर्षं" म्हणतात आणि भलत्याच दिवसापासून मोजतात. कायद्याच्या कलम ३६ मध्ये ७२ महिने आहेत हे बरोबर, पण ते बिलाच्या तारखेपासून नाहीत. त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायची जी शेवटची तारीख, तिथून पुढे ७२ महिने. एप्रिल २०२२ मध्ये घेतलेल्या सुताचं बिल घ्या. ते २०२२-२३ या वर्षातलं. त्याच्या वार्षिक विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२३. म्हणजे ते बिल ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हाताशी हवं, तोवर ते साडेसात वर्षांच्या पुढे गेलेलं असतं. एप्रिल २०२८ मध्ये "झाली सहा वर्षं" म्हणून रद्दीवाल्याला बोलावलं, तर पुढची जवळपास पावणेदोन वर्षं देवाच्या भरवशावर.

हे झालं जीएसटीचं घड्याळ. कंपनी कायद्याचं वेगळं. तिथे कलम १२८ प्रमाणे चालू वर्षाच्या मागची सलग आठ आर्थिक वर्षं ठेवायची. आमच्या २०१७-१८ च्या गठ्ठ्यावर हे दोन्ही लावून बघितलं. जीएसटीचं ते पहिलं वर्ष, त्याचं वार्षिक विवरणपत्र पुढे ढकलत ढकलत फेब्रुवारी २०२० वर गेलं होतं, त्यामुळे ७२ महिने संपतात फेब्रुवारी २०२६ ला. पण कंपनी कायद्याच्या हिशेबानं २०२५-२६ हे वर्ष संपेपर्यंत २०१७-१८ ला हात लावता येत नाही, म्हणजे सुटका १ एप्रिल २०२६ ला. आयकराचं बघितलं तर २०२४ च्या दुरुस्तीनंतर जुनं प्रकरण उघडायची मुदत बरीच आखडली आहे. मोठ्या रकमेचं असलं तरी करनिर्धारण वर्ष संपल्यापासून सव्वापाच वर्षं, आणि आमच्या त्या वर्षासाठी ती केव्हाच उलटली. तीन कायदे, तीन तारखा. आम्ही सगळ्यात लांबची धरली आणि गठ्ठ्यावर जाड मार्करनं ती तारीखच लिहिली. आधी गठ्ठ्यांवर फक्त वर्ष असायचं. आता "अमुक तारखेपर्यंत हलवू नये" असतं. एवढ्याशा बदलानं निम्मे वाद मिटले.

भागीदारी फर्मना कंपनी कायद्याची आठ वर्षं लागू नाहीत, हेही सांगून ठेवते. नाहीतर साखर पेठेतला एखादा लूमवाला माझं वाचून उगाच माळा वाढवेल.

तरी त्या २०१७-१८ च्या गठ्ठ्यातले काही कागद एप्रिलमध्येही बाहेर जाणार नाहीत. २०२३ मध्ये त्या वर्षाच्या नोटिसांचा पाऊस पडला होता, कारण आदेश काढायची मुदत त्या डिसेंबरअखेर संपत होती. आम्हालाही आली. आम्ही घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, आणि सूत विकणाऱ्यांच्या विवरणपत्रातून पोर्टलवर दिसणारं क्रेडिट जुळत नव्हतं. त्या पहिल्या दोन वर्षांसाठी एक परिपत्रक आहे, २७ डिसेंबर २०२२ चं, १८३ नंबरचं. एखाद्या पुरवठादाराकडून आलेल्या क्रेडिटमधला फरक पाच लाखांच्या वर असेल तर सीएचा दाखला आणायचा, त्याच्या आत असेल तर पुरवठादारानं स्वतः लिहून दिलेला चालतो. दाखले आणले. पण त्यांच्यामागे लावायला मूळ बिल, ट्रान्सपोर्टची पावती, गेटवरची आवक नोंद आणि बँकेतून पैसे गेल्याचा उतारा, हे चारही लागले. तीन ठिकाणचे कागद मिळाले. गेट रजिस्टर मात्र पाणी शिरलेल्या कोपऱ्यात होतं, त्याची पानं एकमेकांना चिकटलेली. गेटवरच्या वॉचमननं ती पट्टीनं एकेक करून सोडवली. शिपाई वर चढून विचारत होता, "काय हुडकालाव मॅडम, सांगा की, मी हुडकतो." त्याला काय सांगणार, मलाच माहीत नव्हतं की नेमकं कुठलं पान लागणार आहे.

प्रकरण अपिलात आहे. कलम ३६ चा दुसरा भाग इथे लागतो: अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकाल लागून एक वर्ष होईपर्यंत त्या विषयाचे कागद ठेवायचे, ७२ महिने संपले तरी. म्हणून आमच्याकडे लाल नाडीची पद्धत आली. गठ्ठ्याला पांढरी नाडी असेल तर त्यावरची तारीख बघा. लाल नाडी असेल तर तारीख बघूच नका, आधी मला विचारा. मेल आणि व्हॉट्सॲपवरच्या त्या विषयाच्या गोष्टींना नाडी बांधता येत नाही, त्या वेगळ्या फोल्डरमध्ये काढून त्याच्या नावातच "लाल" लिहिलं आहे.

"पोर्टलवर असतंय की सगळं" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी पोर्टलवर सूचना आली की सात वर्षांपलीकडची विवरणपत्रं यापुढे दिसणार नाहीत. २०१७ चे पहिले महिने दिसेनासे झालेही होते. ओरड झाली, मग ते परत दाखवले. पण धोरण सात वर्षांचंच आहे. तेव्हापासून दर वर्षाची विवरणपत्रं उतरवून घेतो आणि त्या त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये टाकतो. सरकारी पोर्टल म्हणजे आपलं कपाट नव्हे.

आता ज्यांना तारीखच लिहायची नाही असे कागद. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, तो करारनामा आणि त्याच्या मागची पत्रं. कारखान्याचा मंजूर नकाशा. भागधारकांची नोंदवही, सभांची इतिवृत्तं. आणि पीएफ.

पीएफबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे कागद कंपनीच्या कामाचा नसतो, माणसाच्या कामाचा असतो. शिलाई खात्यातल्या एक मावशी निवृत्त झाल्या. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. त्यांची काम केलेली वर्षं त्याहून कितीतरी जास्त, पण कॉम्प्युटरवर दिसत होती त्याहून कमी. कारण असं की आधी इथे भागीदारी फर्म होती, तिचा पीएफचा कोड वेगळा. कंपनी झाल्यावर नवा कोड आला आणि बऱ्याच जणांची जुनी वर्षं जुन्या नंबरावरच राहून गेली. २०१२ मध्ये ऑनलाइन चलन येण्याआधी दर कामगाराचं वर्षाचं एक कार्ड भरावं लागायचं, फॉर्म ३-ए. महिन्यागणिक पगार, कामगाराची कपात, मालकाचा हिस्सा, पेन्शनचा हिस्सा, सगळं हातानं लिहिलेलं. मावशींची ती कार्डं मिळाली. नाव तीन तऱ्हेनं लिहिलेलं: एकात माहेरचं, एकात सासरचं, एकात नुसतंच नाव आणि पुढे "बाई". पण अंगठा तोच, खात्याचा नंबर तोच. त्या कार्डांवर त्यांचं काम झालं.

ती कार्डं कुठल्याही कायद्याच्या ७२ महिन्यांत किंवा आठ वर्षांत बसली नसती. त्यामुळे पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीशी संबंध असलेला कागद आमच्या यादीत "कायम" आहे. सीए म्हणाले, गरज नाही. मी म्हटलं, असू दे.

काही कागद आपोआपच नष्ट होतात, त्याला कायदा लागत नाही. वजनकाट्याची पावती, डिझेलची पावती, टोलची चिठ्ठी. सगळी थर्मल कागदावर. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ती पावती ठेवली की पुढच्या वर्षी हातात कोरा कागद येतो, कधी पिवळा, कधी काळपट. आल्या दिवशी तिची झेरॉक्स काढून व्हाउचरला लावणं हा एकच उपाय. त्यासाठी मी दिवाणजींशी भांडभांड भांडले आहे.

कॉम्प्युटरमध्ये उलटं. तिथे काही जातच नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा झाला. एंट्री कुणी केली, कधी बदलली, आधी काय होतं, सगळं राहतं, आणि तो लॉग बंद करता येता कामा नये. मार्चअखेरीला "जरा मागच्या तारखेत टाका" म्हणायची सवय असलेल्यांची फार पंचाईत झाली. माझी मात्र सोय झाली. "मागच्या तारखेत टाकते, पण त्यात आजची तारीख आणि माझं नाव दिसेल, चालेल का?" एवढं विचारलं की विषय संपतो. बॅकअपसुद्धा रोजच्या रोज आणि भारतातल्या सर्व्हरवर हवा असा नियम आहे. मालकांच्या ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह त्यात धरत नाहीत, हे त्यांना पटवायला ऑडिटरांचं पत्र लागलं.

इथपर्यंतचं सगळं "ठेवा" या बाजूचं झालं. माझ्या यादीचा दुसरा अर्धा भाग "काढा" या बाजूचा आहे. तो लिहायला बसले तेव्हा माळ्याकडे बघायची गरजच पडली नाही. दिवाणजींचा मोबाईल बघितला.

आमच्याकडे नवा कामगार कसा लागतो ते सांगते. जॉबर, म्हणजे लूमवरचा मुकादम, सांगतो, "एकजण आलाय, रॅपियर लूम चालवतो." दिवाणजी म्हणतात, "आधार आणि पासबुकाचा फोटो टाक." फोटो व्हॉट्सॲपवर येतो. दिवाणजी तो ठेकेदाराच्या ग्रुपवर टाकतात, ठेकेदार मला पाठवतो, मी कॉम्प्युटरवर घेते, आणि शिवाय फाईलसाठी झेरॉक्स निघते. एका आधार कार्डाच्या एका दिवसात पाच प्रती. ग्रुपमध्ये कोण कोण आहे? मागच्या ठेकेदाराचा पुतण्या, काम सोडून भिवंडीला गेलेला एक फिटर, आणि एक नंबर जो कुणाचा हे कुणालाच सांगता आलं नाही. दिवाणजींच्या गॅलरीत लग्नाचे, गड्ड्याच्या यात्रेचे फोटो आणि त्यांच्यामध्ये मधेमधे कामगारांची आधार कार्डं, पासबुकं, एका बाईच्या बाळंतपणाच्या रजेचा डॉक्टरांचा कागद. हे सगळं त्यांच्या स्वतःच्या गूगल खात्यात आपोआप चढत होतं. संध्याकाळी नातू त्याच फोनवर गेम खेळतो.

दिवाणजींना बोल लावायचा नाही. त्यांना कुणी ऑफिसचा फोन दिला नव्हता आणि "असं कर" म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं. एमआयडीसीत जवळपास सगळीकडे असंच चालतं.

पण कायदा आता आलाय. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यानंतर १८ महिन्यांची सवड आहे, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास त्या लागू होतील. "आपण काय फेसबुक आहे का?" हा मालकांचा पहिला प्रश्न. कायद्यात लहान कारखान्याला सरसकट सूट नाही. माहिती नीट सांभाळली नाही म्हणून दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तो आकडा ऐकून मालक हसले, कारण तेवढी आमची उलाढालही नाही. मग त्यांना दुसरं सांगितलं: माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्यांना प्रत्येकाला कळवायचं, डेटा संरक्षण मंडळाला लगेच कळवायचं आणि ७२ तासांत सविस्तर लिहून द्यायचं. उद्या दिवाणजींचा फोन एसटीत राहिला, तर ७२ तासांत आपण कुणाकुणाला कळवणार? त्यात कुणाकुणाचे कागद होते हे तरी आपल्याला माहीत आहे का? तेव्हा मात्र मालक हसले नाहीत.

कायद्याचं म्हणणं माझ्या भाषेत सांगायचं तर असं: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसायची, दुसऱ्या कुठल्या कायद्यानं ठेवायला सांगितली असेल तर तेवढी ठेवायची. म्हणजे माझ्या यादीचे दोन अर्धे एकमेकांशी बांधलेले आहेत. पगारपत्रक ठेवायला कायदा सांगतो, ते राहील. गेटवर काम मागायला आलेल्या आणि कामावर न घेतलेल्या माणसाचं आधार ठेवायला कुठलाच कायदा सांगत नाही. त्यांची एक वेगळी फाईल होती, "वेटिंग" नावाची, चांगली फुगलेली. ती पहिली काढली.

एक बारकावा बऱ्याच जणांना माहीत नसतो. हा कायदा डिजिटल माहितीला लागू आहे, किंवा कागदावरून पुढे डिजिटल केलेल्या माहितीला. माळ्यावरचं हातानं लिहिलेलं रजिस्टर जोवर माळ्यावर आहे तोवर त्यात येत नाही. त्याचा स्कॅन काढला की आलं. म्हणून "सगळं स्कॅन करून टाकू, माळा मोकळा होईल" ही जी टूम सगळीकडे निघाली आहे, तिला मी आमच्याकडे ब्रेक लावला. ज्याची मुदत संपत आली आहे ते स्कॅन करायचं नाही, मुदत संपू द्यायची आणि नष्ट करायचं. स्कॅन करून आपण डोकेदुखीचा मुक्काम माळ्यावरून क्लाउडवर हलवतो, एवढंच.

आधारचं काय करायचं यावर सगळ्यात जास्त डोकं गेलं. पीएफच्या खात्याला आधार जोडावंच लागतं, तिथे पूर्ण नंबर लागतो. पण एकदा जोडून पडताळणी झाली की फाईलमध्ये पूर्ण नंबराची झेरॉक्स कशाला? आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क केलेलं आधार उतरवता येतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. आम्ही आता तेच ठेवतो. "वयाचा पुरावा म्हणून लागेल की" असं दिवाणजी म्हणाले. जानेवारी २०२४ पासून पीएफमध्ये जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार चालत नाही. शाळा सोडल्याचा दाखला ठेवा, तो खऱ्या उपयोगाचा.

इथे परदेशी गिऱ्हाइकांची भानगड वेगळी. त्यांचे ऑडिटर येतात आणि कामगारांच्या वयाचे पुरावे, मागच्या बारा महिन्यांचे पगार, हजेरी, ओव्हरटाइम मागतात. अल्पवयीन कुणी नाही ना, पगार वेळेवर होतो ना, हे बघायला. मागणं योग्यच आहे. पण मागच्या खेपेला त्यातला एकजण कागदांचे स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढायला लागला. मी थांबवलं. इथे बसून बघा, हवं तर नोंदी लिहून घ्या, फोटो नाही. त्याला राग आला, मालकांकडे तक्रार गेली. ऑर्डर काही गेली नाही.

हजेरीच्या मशीनमध्येही असंच साठलेलं निघालं. आधी अंगठ्याचं मशीन होतं, पण लूमवर काम करणाऱ्यांचे अंगठे झिजलेले आणि हाताला कापसाचे तंतू, ते दहादा लावलं तरी घेत नसे. मग चेहऱ्याचं मशीन आलं. त्यात काम सोडून गेलेल्यांचे चेहरे तसेच होते. मशीन बसवणाऱ्यानं दिलेला पासवर्डही तोच, मशीनसोबत आलेला, जो अंदाजानंही सांगता येतो. पासवर्ड बदलला, आणि माणूस काम सोडतो त्या महिन्याचा पगार झाला की त्याचा चेहरा मशीनमधून काढायचा, हे काम पगारपत्रकाच्या पायरीतच घालून टाकलं. वेगळी आठवण ठेवायला लागली की कुणी करत नाही. या सगळ्यात शहाणा एकच, कॅमेऱ्याचा डीव्हीआर. हार्ड डिस्क भरली की जुनं आपोआप पुसून त्यावर नवं घेतो. मालकांची परवानगी मागत नाही.

नोकरीच्या कामापुरती माहिती घ्यायला कायदा संमती मागायला लावत नाही. तरी आम्ही एक साधी सूचना लिहून गेटजवळ लावायचं ठरवलं: तुमचे कुठले कागद आमच्याकडे आहेत, कशासाठी आहेत, कधीपर्यंत राहतील, आणि काही विचारायचं तर कुणाला. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळायला हवी असं कायदा म्हणतो, त्यावरून डोक्यात आलं की आपल्याकडे तीन भाषा हव्यात. मराठी मी लिहिली. शहराच्या पूर्व भागातले निम्म्याहून जास्त कामगार घरात तेलुगू बोलणारे, म्हणून तेलुगू करून घेतली. अक्कलकोटकडून येणाऱ्यांसाठी कन्नड.

तेलुगूचा कागद लावला आणि गंमत झाली. सगळे बघायचे, हसायचे आणि शेजारच्या मराठीकडे वळायचे. घरात तेलुगू, पण शाळा मराठी, त्यामुळे लिपी येणारे मोजकेच. शेवटी जॉबरला सांगितलं, पाळी बदलायच्या वेळेला मराठीतलंच वाच आणि तेलुगूत सांग. त्यानं सांगितलं, आणि स्वतःचं एक वाक्य घुसडलं की पगाराची उचल कुणाला किती आहे तेही आता मॅडम कुणाला सांगणार नाहीत. त्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या. उचलीचा आकडा ऑफिसच्या फळ्यावर लिहायची जुनी पद्धत होती, ती माझ्या यादीत नव्हतीच. दुसऱ्या दिवशी फळा पुसला. शिलाईतल्या एकीनं विचारलं, "माझा फोटो तुमच्या फोनात हाय का अजून?" दिवाणजींनी तिथेच फोन काढून तिच्यासमोर तो फोटो पुसला. मग बाकीच्याही रांगेत उभ्या राहिल्या, जेवणाची सुट्टी त्यातच गेली.

दिवाणजींना आता ऑफिसचा फोन आहे, ग्रुप बंद आहे, फोटो एका मेलवर येतात आणि नोंद झाली की तिथून जातात. ठेकेदाराकडून लिहून घ्यायचंय की त्याच्याकडच्या प्रती त्यानं पुसल्या. तो म्हणतो, "एवढा विश्वास नाही व्हय मॅडम माझ्यावर?" विश्वास आहे, पण सही हवी आहे. ती अजून आलेली नाही.

कागद नष्ट करायची रीतही ठरवली. रद्दीवाल्याला सरळ पोतं द्यायचं नाही. छोटं श्रेडर घेतलं, ते तापून बंद पडतं म्हणून थोडं थोडं करावं लागतं, आणि तो चुरा रंगाई खात्यातल्या पाण्यात भिजवून मग बाहेर जातो. एक वही घातली आहे, "नष्ट केलेल्या कागदांची नोंद". कुठल्या वर्षाचं, कशाचं, कुठल्या कायद्याची मुदत कधी संपली, लाल नाडी नाही हे कुणी तपासलं, आणि दोघांच्या सह्या. ही वही स्वतः "कायम"मध्ये. उद्या कुणी विचारलं की अमुक रजिस्टर कुठे आहे, तर "सापडत नाही" आणि "नियमाप्रमाणे नष्ट केलं, ही नोंद" या दोन उत्तरांत फार फरक पडतो. पहिल्या उत्तराला समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो.

२०१७-१८ चा गठ्ठा १ एप्रिल २०२६ नंतर खाली येईल, लाल नाडीचे कागद वगळून. २०१८-१९ चं जीएसटीचं बंधन ३१ डिसेंबर २०२६ ला संपतं, पण कंपनी कायद्यामुळे तो १ एप्रिल २०२७ पर्यंत थांबेल. एवढं मालकांनी सही करून मान्य केलंय.

एकच गोष्ट वादात आहे. माळ्याच्या अगदी आतल्या बाजूला मालकांच्या आजोबांच्या वह्या आहेत, हातमागाच्या काळातल्या, तेलुगूत लिहिलेल्या, लाल कापडी बांधणीच्या. कुठला कायदा त्या ठेवा म्हणत नाही. त्या जाणारही नाहीत, तो प्रश्नच नाही. मालकांना त्या स्कॅन करून घरच्यांच्या ग्रुपवर टाकायच्या आहेत. मी त्या जॉबरकडून वाचून घेतल्या. त्यात सुताचा भाव आहे, विकलेल्या लुगड्यांचा हिशेब आहे, आणि मागे कितीतरी पानं विणकरांच्या उचलीची आहेत, नावं, रक्कम, कुणी फेडली, कुणी नाही. त्यातल्या दोन-तीन घरांतली नातवंडं आज आमच्याच लूमवर आहेत. उचलीची पानं सोडून बाकीची स्कॅन करायला मी हो म्हटलंय.